आपोआप विझणारं

आईचं नाव ज्यूश्यांग,
म्हणजे शेवंतीचा वास.
ग्वांगडाँगच्या त्या नदीकाठच्या गावात
तिच्या नाकाला दिवसाचे पस्तीस युआन मिळायचे.

हातात लायटर. समोर टीव्हींच्या पाठी,
कीबोर्डांच्या फासळ्या, प्रिंटरांचे जबडे.
एक कड पेटवायची, फुंकर मारायची,
धूर नाकाशी नेऊन डोळे मिटायचे,
जसं कुणी रश्श्याचं मीठ बघावं.
गोडसर, मेणासारखा : डावी पाटी.
डोळ्यांत पाणी आणणारा : उजवी.
आणि काही तुकडे असे,
की लायटर हटवला रे हटवला
ज्योत मान टाकायची.
"हे आपोआप विझणारं," ती म्हणायची,
"गुणी पोर. आगीशी भांडत नाही, तिला निजवतं."
त्याची पाटी तिसरी, भाव सगळ्यात कमी.
त्याचा धूर मात्र खोलीत ठाण मांडून बसायचा,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

पिण्याचं पाणी टँकरने यायचं, विकत.
हात धुण्यात ते कोण घालवणार?
काळ्या बोटांनीच ती छुनलिनला छातीशी घ्यायची,
दुसऱ्या हाताने तुकडे निवडत.

एकदा विद्यापीठातून दोन मुली आल्या.
आईकडून वाटीभर दूध मागून घेतलं,
बाटलीत भरलं, बाटलीला चंदेरी कागद गुंडाळला.
"उजेड लागला तर आतलं मोडतं," धाकटी म्हणाली.
आई हसली : "आणि पोटात गेलं तर?
तिथे तर अंधारच असतो."
धाकटीने बंद झालेलं झाकण
पुन्हा एकदा घट्ट केलं.

आकडे आमच्यापर्यंत आले नाहीत.
गळा आला, सहा वर्षांनी.
डॉक्टरांनी कागदावर ग्रंथी काढून दाखवली,
म्हणाले, फुलपाखरासारखी असते.
आई म्हणाली, कसलं फुलपाखरू,
हे तर संगणकातल्या पंख्याचं मोडकं पातं.
आणि छुनलिन? त्याला पाढे धरवत नाहीत,
सातापर्यंत येतो आणि दारात उभा राहतो.
त्याबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले,
यामुळेच, असं म्हणता येत नाही.
यामुळे नाही, असंही म्हणता येत नाही.
ते वाक्य आई रोज सकाळी
गळ्याच्या गोळीबरोबर गिळते.

नाक तर त्याआधीच गेलं होतं.
आता ती हुनानला असते, तिच्या बहिणीकडे.
मी शेवंतीचा चहा पाठवला, चांगला, महागातला.
म्हणाली, पाणी छान गरम होतं.

मी शेनझेनला. सातवा महिना.
परवा शेजारच्या ओउयांगबाईंनी
बाळासाठी खेळण्यातली गाडी आणून दिली,
काळी, बाजारातून तीन युआनला एक.
तो काळा रंग मला ओळखीचा वाटला.
काळा कुणाच्याही ओळखीचा असतो,
असं स्वतःला दोन दिवस समजावलं.
तिसऱ्या रात्री नवरा झोपल्यावर
स्वयंपाकघरात चाकाची कड लायटरवर धरली.
पेटली.
लायटर हटवला.

कितीतरी बोटी, कितीतरी कारखाने,
कुठे वितळून, कुठे साच्यात ओतून,
आईच्या हातून गेलेलं ते गुणी पोर
पत्ता शोधत माझ्या ओट्यावर आलं होतं.

फोन लावला. रात्रीचा दीड.
"वास कसा आहे?" तिने विचारलं,
आणि मला शब्द सापडेना.
ती तिकडे थांबून राहिली,
बहुतेक फोन नाकाला लावून.
"डावी की उजवी?"
"तिसरी."
बराच वेळ फक्त मावशीच्या घड्याळाचा आवाज.
मग आई म्हणाली,
"आधी खिडकी उघड."